उलट्या राजांची माळ

"बाबा, चांदणीले देऊ नका नं!"

दीपमालेने आपल्या लाडक्या कालवडीच्या गळ्याला मिठीच मारली. धाडचा आठवडी बाजार ऐन रंगात आला होता आणि तिचे बाबा, अर्जुनराव, भलत्याच सौद्याला तयार झाले होते. भाचीच्या लग्नात आहेर म्हणून सोन्याच्या रोमन नाण्यांची माळ, आणि बदल्यात चांदणी!

"दोन हजार वर्षांची माळ आहे!" विक्रेता रंगराव सांगत होता. "रोमचे व्यापारी आपलं कापड न्यायचे अन् अशी नाणी देऊन जायचे. तिकडे नव्या वर्षाला एकमेकांना नाणीच भेट द्यायचे. आहे कुणाचा असा आहेर?"

मानपान म्हटलं की अर्जुनराव विरघळलेच!

"घालून तर पाहू द्या," म्हणत दीपमालेने माळ गळ्यात घातली. दिवाळीच्या सुट्टीला आलेला तिचा चुलतभाऊ प्रज्वल फिस्सकन हसला.

"ताई, सगळे राजे शीर्षासन करून राह्यले!"

खरंच की! प्रत्येक नाण्याला भोक होतं ते त्यावरच्या राजाच्या हनुवटीखाली.

"जुन्या बाया राजाले उलटं काऊन टांगतीन?" शेजारच्या हर्षलने विचारलं.

"घालणारीनं खाली पाहिलं की तिला सुलटा दिसावा म्हणून!" रंगराव म्हणाला.

"बरोबर आहे!" अर्जुनरावांनी मान डोलावली. दीपमालेने कपाळाला हात लावला. पण लगेच तिला युक्ती सुचली.

"बाबा, लग्नात उलटी तोंडं बरी नाही दिसत. सुलटी माळ असती तर चांदणीसंगं गोऱ्हाही दिला असता, नाही का?"

"हाव, दिला असता!"

रंगरावाच्या तोंडाला पाणी सुटलं. "आहे ना सुलटी! गाडीतून आत्ता आणतो!"

पोरं दबकत त्याच्या मागे गेली. जीपच्या आडून आवाज आला, घुर्रर्र! रंगराव उकिडवा बसून दुसऱ्या नाण्यांना ड्रिल मशीनने भोकं पाडत होता! हर्षल धावत गेला आणि अर्जुनरावांना ओढतच घेऊन आला.

"पहा बाबा!" दीपमाला ओरडली. "दोन हजार वर्षांचं भोक आत्ता पडून राह्यलं!"

मुलामा खरवडला होता आणि भोकांच्या काठांवर लालभडक तांबं दिसत होतं. पळू पाहणाऱ्या रंगरावाला बाजारकऱ्यांनी धरून पोलिसांच्या हवाली केलं.

"अर्जुना, पोरं मोठी हुशार आहेत बे!" म्हातारे जानराव म्हणाले.

अर्जुनराव ओशाळून हसले. त्यांनी चांदणीचं दावं लेकीच्या हातात दिलं.

"धर. आजपासून ही तुही. अन् आहेरही आता तूच निवड!"