ऑगस्टमधलं गाणं

श्रीनिवास शिफ्टहून आला, तर सोफ्यावर शिवरामकाका बसलेले. झालं, आजही पाठ टेकणं नशिबात नाही! खासगी तपासाचं लायसन्स बायकोचं, सुमेधाचं. गाडी हाकायची मात्र त्याने.

"अल्बममधलं शेवटचं गाणं माझ्या जाईचं, तुझ्या काकूचं नाही," काका सुमेधाला म्हणाले. "सप्टेंबरमध्ये गेली बिचारी. त्याआधी बोलतानाही धाप लागायची. आमची करुणा म्हणते, बाबा, तुम्हाला आठवत नाही. सोमवारी मला मेमरी क्लिनिकला नेतेय. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, तेवढं सांग, पोरी."

श्रीनिवासला त्यांची कीव आली. म्हातारपण, दुसरं काय!

अल्बम रेकॉर्ड करणाऱ्या अनुपचा स्टुडिओ मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागात, घरामागच्या गॅरेजमध्ये. बाहेर झाडांवर उन्हाळी सिकाडा किड्यांनी किरकिरून डोकं उठवलं होतं. आत अंधार. सुमेधा आणि काकांच्या पुढे होऊन श्रीनिवास स्विचसाठी भिंत चाचपू लागला.

"सगळे स्विच पडद्यामागे, मेट," अनुप म्हणाला. "नोव्हेंबरमध्ये वायरिंग बदललं, तेव्हा तिकडे नेले."

"गाणं कधी रेकॉर्ड केलंस?" सुमेधाने विचारलं.

"ऑगस्टमध्ये. काकू हीटरजवळ बसून गायल्या."

त्याने गाणं लावलं. भीमगीताची लांबलचक ओळ एका दमात आली. दोन कडव्यांच्या मध्ये बारीक किर्रर्र ऐकू येत होतं.

"मशीन बिघडलंय वाटतं," श्रीनिवास म्हणाला.

"नवीन आहे ते!" अनुपला राग आला.

तेवढ्यात काकांनी बोलावलेली करुणा ड्युटीवरून थेट आली. "आवाज आईचाच आहे. ती गेल्यापासून मी इथे पाऊल ठेवलेलं नाही." घाम पुसत तिने पडद्यामागे हात घातला आणि पंखा लावला.

सुमेधाने दमून श्वास सोडला.

"श्री, मशीन ठीक आहे. ते सिकाडा आहेत. मेलबर्नच्या ऑगस्टमध्ये, ऐन थंडीत, ते कधी ऐकलेस? गाणं उन्हाळ्यातलं आहे, काकू गेल्यानंतरचं. आणि करुणा, नोव्हेंबरनंतर तू आलीच नाहीस, तर न शोधता स्विच कसा सापडला? हुबेहूब काकूंचा गळा लेकीशिवाय कुणाचा असणार?"

करुणाने स्विचवरचा हात मागे घेतला. "आईला गाता आलंच नाही. बाबांना कळू देऊ नकोस म्हणाली. म्हणून ती गेल्यावर मी गायले, कुणाला सांगू नकोस म्हणून अनुपच्याही हातापाया पडले. मग एका खोट्यापायी दुसरं."

"आणि त्यापायी बापाला खुळा ठरवलंस." काकांच्या आवाजात रागावण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

"चुकले, बाबा. सोमवारी कुठे जायचं नाही."

काका अनुपकडे वळले. "ऑगस्टमध्ये ती आली होती ना? जे असेल ते लाव."

आधी खोकला. मग धापा. मग जाईबाई: "राहू दे रे अनुप. घरी हे जेवायचे थांबले असतील."

काकांनी डोळे मिटले.

"परत लाव," ते म्हणाले.