हाल्ब नॉयन

पक्षी बघायला आलेल्या धम्मदीपाला तळ्याकाठी पक्षीही दिसेनात आणि माणसंही! जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेनऊ, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगबाहेरचं गोठलेलं तळं... आणि बाकावर एकटाच एक तरुण. टोपीवर बर्फ, नाक लालबुंद.

“ग्रुप... गेला?” तिनं इंग्रजीत विचारलं.

“कधीच!” उत्तर चक्क मराठीत आलं. “मी अश्वजित. जर्मनमध्ये ‘हाल्ब नॉयन’ म्हणजे नवाला अर्धा तास कमी, साडेआठ हो, साडेनऊ नव्हे.”

“बाप रे! फोनवर सहलीच्या बाई तसं म्हणाल्या आणि मी खुशाल साडेनऊ धरले. तुमचंही तसंच झालं?”

“गे... गेनाऊ, अगदी तसंच,” तो अडखळला. “चला, आपण दोघंच बघू.”

तिला हसूही आलं आणि रडूही. पीएचडीला येऊन तीन महिने झाले, पण लॅबबाहेर कुणाशी चार शब्द बोलणं नाही. सगळं सोडून परत जाते, असं पत्र तिनं लिहून ठेवलं होतं. सोमवारी प्रोफेसरांना द्यायचं. त्याआधीची ही एकच सहल, आणि तीही हुकली!

दोघं न गोठलेल्या ओढ्याकाठी आले. तेवढ्यात पाण्यावरून काहीतरी निळं सुर्रकन गेलं.

“अरे, बघ ना — खंड्या!” तिनं त्याची बाहीच ओढली. भंडाऱ्याच्या तलावावरचा तोच पिटुकला खंड्या, इथे बर्फात!

“इथे त्याला आइसफोगेल म्हणतात. बर्फाचा पक्षी,” तो म्हणाला. मग हळूच, “आणि तू मला ‘बघ’ म्हणालीस.”

ती लाजली. बाही मात्र सोडली नाही.

त्यानं थर्मासमधला चहा ओतला, तर तो पार गार.

“किती वर्षं आहेस इथे?” तिनं विचारलं.

“पाच.”

“पाच वर्षांत हाल्ब नॉयन कळलं नाही तुला?”

तो बुटांकडे बघत राहिला. “कळतं गं... साडेआठलाच आलो होतो. सहलीच्या यादीत नाव वाचलं, धम्मदीपा गजभिये. म्हटलं, नवीन आलेलं आपलं माणूस साडेनऊलाच येणार. म्हणून थांबलो.”

“या थंडीत? तासभर? वेडा आहेस का!”

“थोडासा होतो. आता जास्त.”

इतक्या दिवसांत आपली वाट कुणी पाहिली नव्हती. तिचे डोळे भरून आले. तो गार चहा तिनं एका दमात संपवला.

“आल्झो... म्हणजे, मग... पुढच्या रविवारी?” त्यानं घाबरत विचारलं.

सोमवारचं पत्र तिनं मनातल्या मनात टराटरा फाडलं.

“येईन. हाल्ब नॉयन.”

“म्हणजे किती?”

“साडेआठ!” ती हसली. “पण मी आठलाच येऊन बसणार. या वेळी मला थांबायचंय — तुझ्यासाठी.”