गाठीच्या खालची फांदी

दिवसभर लोकांना एकच प्रश्न विचारायचा, हे माझं काम. पहिल्या भिंगातून स्पष्ट दिसतंय की दुसऱ्या? काकांच्या चष्म्याच्या दुकानात डोळे मी तपासते. गोंधळलेली माणसं बघून मला हसू येतं. म्हणजे यायचं... तो येईपर्यंत.

तो आला, त्याचा नंबर काढून झाला आणि निघताना पायरीवरच अडला. तिथे कुंडीत माझं संत्र्याचं झाड होतं. कमरेएवढं वाढलेलं, आणि मला त्याचा कोण अभिमान! हे महाशय उकिडवे बसले, बुंध्याजवळची माती बोटाने बाजूला केली आणि म्हणाले, "चुकीची फांदी वाढवलीत तुम्ही."

ना ओळख ना पाळख. मी चांगली सुनावणार होते, पण तो निघाला रोपवाटिकेवाला. त्याने बुंध्यावरची गाठ दाखवली. गाठीच्या वर संत्र्याचं खरं कलम, जेमतेम सात पानांचं. आणि मी जिचं येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुक सांगत होते ती उंच, काटेरी फांदी गाठीच्या खालून, कलम ज्यावर बांधतात त्या रानटी खुंटाला फुटलेली. झाडाचं सगळं खाणंपिणं तीच गट्ट करत होती. त्याने दोन्हींचं एकेक पान चुरगळून माझ्या नाकापुढे धरलं.

"पहिलं की दुसरं?" माझाच प्रश्न, माझ्याच सुरात.

एक वास उग्र होता, एक गोडसर. पण मला त्याच्या बोटांना लागलेल्या ओल्या मातीचाच वास येत राहिला. कुठला वास कुठल्या पानाचा, काही सांगता येईना.

खालची फांदी छाटायला हवी, नाहीतर कलम जगायचं नाही, असं तो म्हणाला. पण घाई नको, पुढच्या आठवड्यात बघू.

पुढच्या आठवड्यात तो चष्मा न्यायला आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात चष्म्याची दांडी ढिली झाली. मग चष्मा नाकावरून घसरायला लागला. दर वेळी पायरीवर बसून झाड न्याहाळायचं आणि म्हणायचं, आज ऊन फार आहे, जरा थांबू. मीही मुकाट्याने मान हलवायची. काका एकदा काउंटरवरून म्हणाले, की हा चष्म्यासाठी येतो, झाडासाठी येतो की आणखी कशासाठी, ते जरा नीट तपासून घे. मी काकांवर उखडले. उखडले, कारण मला तरी कुठे ठाऊक होतं? कधी वाटायचं, माझ्याकडेच बघतोय... वळून बघावं तर नजर कुंडीवर.

एक गोष्ट मात्र मला पक्की कळत होती. फांदी छाटली की झाड सुधारणार, आणि झाड सुधारलं की याचं येणं बंद. म्हणून मी गप्प बसत होते. कलमाची सात पानं पाच झाली. पाचाची तीन झाली.

त्या सकाळी गळालेली दोन पानं उचलताना मला माझीच लाज वाटली. तो आला तसं मी त्याला बसूही दिलं नाही.

"आज छाटा."

"आजच?" त्याचा चेहरा उतरला. "ऊन जरा..."

"आजच. कात्री नसेल तर आतून आणते."

त्याने खिशात हात घातला आणि छाटणीची कात्री काढली. एकदाच दाबली. फांदी माझ्या हातात आली. दहा सेकंदांचंही काम नव्हतं.

मी कात्रीकडे बघत राहिले. मूठ घासून गुळगुळीत झालेली... म्हणजे रोजची.

"ही नेहमी खिशात असते?"

"असते."

"पहिल्या दिवशीही होती?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "होती."

मला खरंच राग आला. "मग दोन महिने त्या बिचाऱ्याचे हाल का केलेत?"

"तेव्हाच छाटली असती तर परत काय सांगून आलो असतो?" तो हळूच म्हणाला. "आणि तुम्ही तरी कुठे म्हणालात, छाटा म्हणून?"

दोघा शहाण्यांनी मिळून एक झाड मारायला घेतलं होतं. मी हातातली फांदी उगाच इकडून तिकडे फिरवत राहिले, काटा टोचला तरी.

"तीन पानांवर जगेल?" मी विचारलं.

"जगेल. ऊन द्या, पाणी बेताने." तो उठला, पण पायरी काही उतरेना. "तशी... कुंडीही लहान पडतेय. आणि चष्म्याचा हा स्क्रू..."

मी त्याच्या नाकावरचा चष्मा सरळ केला. या वेळी त्याची नजर कुंडीवर गेली नाही.

"कुंडी राहू दे, स्क्रूही राहू दे," मी म्हटलं. "आता उगीचच या."