धाकूतात्यांचा पेला

बंटी, तो मोबाइलचा उजेड आधी बंद कर. ही गोष्ट आपल्या वर्तकनगरातलीच, मागच्या बिल्डिंगीतल्या नयनची. अर्धी त्याने सांगितली, अर्धी मी पाहिली. आमचं स्वयंपाकघर त्यांच्या खिडकीसमोर येतं, त्याला मी काय करू?

नयनचे वडील, धाकूतात्या, अंथरुणाला खिळलेले. हात असा थरथरायचा की ग्लासातलं निम्मं पाणी छातीवर. चमच्याने पाजलं तर चिडायचे. म्हणून नयन खोपटला पोपटशेठच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेलेला. तिथे मिळाला एक चांदीचा पेला. छोटासा, इंग्रजांच्या वेळचा, बुडाशी सिंहाचा ठसा. बूड गोल. कसाही कलंडवा, डुलत डुलत परत उभा. तात्या म्हणाले, "साहेबाचा पेला माझ्यापेक्षा ताठ आहे रे."

पेल्यावर इंग्रजीत कुणाचं तरी नाव होतं, झिजलेलं. आपणही भांड्यांवर नाव घालतो. का? भांडं ज्याचं त्याला ओळखू यावं म्हणून. पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गेल्या वर्षी एकवीस सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या. नयनने गॅलरीत पितरांचं पान ठेवलं. पितरांना चांदी आवडते, म्हणून पाणी ह्याच पेल्यात. हात जोडून म्हणाला, ज्याचं त्याने यावं, पाणी प्यावं. संध्याकाळी पेला धुऊन तात्यांच्या उशाशी.

रात्री पावणेदहाला तात्यांनी पाणी मागितलं. नयनने पेला त्यांच्या ओठांना लावला. घोटाचा आवाज आला. पेला रिकामा.

"दे की रे," तात्या म्हणाले.

"दिलं ना, तात्या."

"कुठे..."

त्याने पुन्हा भरला. ह्या वेळी बघत राहिला. घोटाचा आवाज आला... तात्यांचा घसा हललाच नव्हता.

स्टीलचा ग्लास घेतला. तेच. चमचा घेतला. तेच. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती घोडबंदर रोडला अडकलेली. मग त्याने खिडकीतून मला हाक मारली. मी धावत त्यांच्याकडे गेलो, कळशी भरून तात्यांपाशी बसलो. मी ओततोय, तो पाजतोय. तात्यांची जीभ लाकडासारखी. डोळे नयनवर. अख्खी कळशी संपली.

रसिका, तू विचारतेस पेला फेकला का नाही. अगं, मीच फेकला खिडकीतून. काय उपयोग... आलेला पेल्यात नव्हता. खोलीत होता.

दुसरी कळशी. आवाज येतोय. घोट... घोट... सावकाश. आम्ही दोघं नुसते बघतोय.

पावणेबाराला तात्या म्हणाले, "त्याला सांग ना... मला एक घोट..."

कुणाला सांगणार? नयन रिकाम्या भिंतीपुढे हात जोडून उभा राहिला. तरणाताठा माणूस. "बस करा हो," म्हणाला. "माझे वडील आहेत ते."

आवाज थांबला. नयनने तुळशीच्या पानावरून एक थेंब सोडला तात्यांच्या ओठांवर.

थेंब ओठांपर्यंत पोचला नाही.

...

ॲम्ब्युलन्सवाले आले तेव्हा बारा वाजून गेलेले. तात्याही गेलेले. तात्यांना खाली घ्यायला आम्ही उचललं. त्यांच्या अंगाखालची चादर कोरडी ठणठणीत. शेजारी, भिंतीकडे, माणूस कुशीवर निजतो तेवढा खळगा.

आणि तेवढीच गादी चिंब ओली.