निळा झेंडा

वीलांट ब्रोकमानला त्या वर्षी सत्तेचाळिसावं लागलं होतं, आणि गाडीत शिरताना आधी डावा गुडघा हातानं उचलून आत ठेवावा लागत होता. जर्मन टूरिंग कार अजिंक्यपदाच्या नऊ शर्यतींपैकी ही सातवी. मे महिन्यापासून दर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला तो, त्याची बायको रोस्विता आणि मेकॅनिक ओटमार जुन्या बसमागे गाडी जोडून निघायचे. दोन दिवस शर्यतीच्या मैदानावर काढायचे आणि सोमवारी सकाळी सातला पुन्हा झाउअरलांडमधल्या आपल्या गॅरेजचं शटर वर करायचं. मोठ्या संघांकडे तीन-तीन इंजिनं असत. वीलांटकडे एकच होतं. तेही त्याच्यासारखंच, सकाळी गरम व्हायला वेळ घेणारं.

ही शर्यत खालच्या साक्सनी प्रांतातल्या एका लष्करी विमानतळावर होती. सगळीकडे सपाट दलदलीचा मुलूख, कापून रचलेल्या पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, आंबूस वास आणि ऑगस्टचं ऊन. धावपट्टीच्या काँक्रीटवर गवताच्या पेंढ्या मांडून रस्ता आखला होता. फेरी जेमतेम पावणेतीन किलोमीटरची. काँक्रीटच्या चौकोनांच्या सांध्यांवरून जाताना चाकं टकटक करत आणि तो ठोका थेट माकडहाडात बसे. झाड नाही, टेकडी नाही. कुठूनही कुठलंही दिसायचं.

शनिवारी सकाळच्या सरावात त्याला तो माणूस पहिल्यांदा दिसला. मागच्या लांब सरळ रस्त्यावर, झेंडेवाल्यांच्या सहाव्या आणि सातव्या चौकीच्या मधोमध, गवतात एकटाच उभा होता. अंगात करडा लांब रेनकोट, हातात गुंडाळलेला झेंडा. एवढ्या उन्हात रेनकोट कशाला, असं वीलांटच्या मनात आलं. तेवढ्यात वळण आलं आणि तो विसरला.

दुपारच्या सरावात त्या माणसाचा झेंडा उघडलेला होता. निळा.

निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट दे. वीलांटनं आरशात पाहिलं. मागे रस्ता रिकामा होता. पुढच्या फेरीला पुन्हा निळा, मागे पुन्हा कुणी नाही. तिसऱ्या फेरीला त्यानं मुद्दाम लक्ष देऊन पाहिलं. तो माणूस झेंडा हलवत नव्हता, नुसता धरून उभा होता. आणि बघत होता तो वीलांटकडे नाही, त्याच्या गाडीच्या मागे.

"सातव्या चौकीच्या अलीकडे कुणाला उभं केलंय रे?" पिटमध्ये, गाड्यांच्या थांब्यावर, येताच त्यानं ओटमारला विचारलं.

"कुणाला म्हणजे?"

"झेंडेवाला. मागे काळं कुत्रं नाही आणि हा मला निळा दाखवतोय."

ओटमार चाकाखाली आडवा झाला होता. तिथूनच म्हणाला, "आपली गाडी बघितली की लोकांना सवयीनंच निळा उचलावासा वाटतो. त्याचा काय दोष?"

वीलांट हसला, पण हेल्मेट काढून थेट ग्रेवंकडे गेला. ग्रेवं झेंडेवाल्यांचा प्रमुख. एरवी जवळच्याच गावात गाई सांभाळणारा लालबुंद, शांत माणूस. त्यानं भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"हे सहा, हे सात. मध्ये काही नाही, ब्रोकमान. माणसंच कमी पडतात, मधे कुठून उभी करू?"

"मी तीन वेळा पाहिलं."

ग्रेवंनं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग जीपची किल्ली उचलली. "चला, बघून येऊ. नाहीतर रात्रभर डोक्यात ठेवाल."

तिथे कुणी नव्हतं. काटेरी झुडपं होती, गुडघाभर वाळलेलं गवत होतं, आणि त्या गवतात एका जागी दोन पावलं मावतील एवढी जमीन पार उघडी पडली होती. घट्ट आणि गुळगुळीत. एखादा माणूस वर्षानुवर्षं रोज येऊन उभा राहिला तर पडेल तशी.

"ससे," ग्रेवं म्हणाला. पण जीपमधून तो खाली उतरला नाही, आणि गाडी वळवताना त्यानं त्या जागेला जरा मोठा वळसा घातला.

रोस्विताला वीलांटनं यातलं काही सांगितलं नाही. दोन वर्षांपासून ती 'आता पुरे' म्हणत होती, आणि या वेळी त्यानंही शब्द दिला होता की हा शेवटचा हंगाम. डोळे दगा देतायत असं तिला कळलं असतं तर तिनं त्याच क्षणी बस सुरू केली असती. बसच्या पायरीवर बसून दोघांनी बटाट्याचं सॅलड आणि सॉसेजेस खाल्ली. तेवढ्यात हेनिंग आल्बर्स समोरून गेला. चोवीस वर्षांचा, इथूनच अर्ध्या तासावरच्या गावचा. तीन गुणांची आघाडी घेऊन हंगामात पहिला होता आणि सगळं मैदान त्याच्या नावानं ओरडत होतं. वागायला मात्र पोरगा साधा.

"आजोबा, उद्या फार रेटू नका हं," तो हसत म्हणाला. "तुम्हाला अख्ख्या फेरीनं मागे टाकताना मला वाईट वाटतं."

"आधी मला गाठ, मग वाईट वाटून घे," वीलांट म्हणाला.

"याला नीट जेवायला कुणी घालतं की नाही!" हेनिंग पुढे गेल्यावर रोस्विता म्हणाली. तिला मूल नव्हतं, आणि तिचा जीव अशा पोरांवर पटकन जडायचा.

रविवारी दुपारी दोनला शर्यत सुटली. अडतीस फेऱ्या. चोवीस गाड्यांमध्ये वीलांट बारावा होता आणि बारावाच राहिला. पुढचे हळूहळू लांब जात होते, मागचे जवळ येत नव्हते. पिटच्या भिंतीवर रोस्विता मांडीवर पाटी आणि हातात स्टॉपवॉच घेऊन दर फेरीला त्याच्या वेळेचा आकडा धरायची. बूट तापले होते. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता.

तो माणूस पहिल्या फेरीपासून उभा होता. रोजच्या कामावर आल्यासारखा, झेंडा पसरून. निळा.

वीलांटनं नजर टाळून पाहिलं, रागानं मूठही दाखवली. काही फरक पडला नाही. दहाव्या फेरीच्या सुमाराला त्याला वेगळंच जाणवायला लागलं. मागे कुणीतरी होतं. आरशात नव्हतं, पण होतं. वीस वर्षं शर्यती केलेल्या माणसाला मागच्या गाडीचा दाब मानेवर कळतो. तो ब्रेक मारायचा तेव्हा मागचाही मारायचा. तो वळायचा तेव्हा आतली बाजू शोधायचा. घाई मात्र त्याला अजिबात नव्हती.

सोळाव्या फेरीला वीलांटची उमेद संपली. त्याला भीती वाटली असं नाही. तो थकला होता, एवढंच. त्याला जिंकायचं नव्हतं, कुणाला अडवायचं नव्हतं. गाडी धडपणे घरी न्यायची होती. निळा झेंडा दिसला, तेव्हा त्यानं उजवा दिवा दाखवून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि पेडलवरचा पाय हलका केला.

डाव्या बाजूनं ऊब आली. तापलेल्या ब्रेकचा वास आला. गाडी एकदा बाहेर ढकलली गेली आणि परत आत ओढली गेली, शेजारून मोठी गाडी निघून जाते तेव्हा होतं तशी. क्षणभर त्याच्या स्वतःच्या इंजिनाचा आवाज त्याला ऐकू आला नाही.

मग मान हलकी झाली. त्या माणसानं झेंडा खाली घेतला होता.

सतराव्या फेरीला झेंडा पुन्हा वर होता. वीलांटसाठी नाही. त्याच्या दोनशे मीटर पुढे अकराव्या क्रमांकाची लाल गाडी धावत होती. तिच्या मागे कुणीच नव्हतं. ती उजवीकडे सरकली, जरा मंदावली, पुन्हा मध्ये आली.

अठराव्याला तिच्या पुढची.

एकोणिसाव्याला तिच्याही पुढची.

मैदान सपाट होतं, सगळं दिसत होतं. दर फेरीला एक गाडी त्याच जागी बाजूला होत होती आणि रिकाम्या रस्त्याला वाट देत होती. वीलांट मोजत राहिला. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत राहिला. प्रेक्षकांपैकी कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. कुणी दमला असेल, कुणाचा गिअर अडकला असेल.

सव्विसाव्या फेरीला दुसऱ्या क्रमांकाची गाडी बाजूला झाली.

आता फक्त हेनिंग उरला होता.

पिटसमोरून जाताना वीलांटला धावपट्टीपलीकडे मागचा रस्ता दिसायचा. सत्ताविसाव्या फेरीला हेनिंगची पांढरी गाडी तिथून गेली. रस्त्याच्या मधोमध.

अठ्ठाविसाव्यालाही मधोमध.

दे रे बाबा, वीलांट हेल्मेटच्या आत म्हणाला. जाऊ दे त्याला.

पांढरी गाडी अधिकच जोरात जाऊ लागली. ध्वनिक्षेपकावरचा निवेदक बेभान झाला होता. मैदानाचा विक्रम मोडला, पुन्हा मोडला, पुन्हा मोडला. मागचा स्पर्धक पंधरा सेकंद लांब आणि हा पोरगा अशी गाडी मारतोय, काय म्हणावं! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

अडतिसाव्या फेरीला काळापांढरा झेंडा पडला. हेनिंग जिंकला.

सगळ्या गाड्या मंदावल्या आणि एकेक करून आत आल्या. हेनिंग आला नाही.

त्यानं रेषा ओलांडली आणि तसाच पुढे गेला, पूर्ण वेगात. एक फेरी झाली. दुसरी झाली. आधी लोक हसले. मग टाळ्या थांबल्या. लाल झेंडे दाखवले गेले. झेंडेवाले पेंढ्या ओलांडून गवतात पळाले. हेनिंगचे वडील भिंतीवर चढून दोन्ही हात हलवत होते. रोस्विताच्या हातातलं स्टॉपवॉच चालूच होतं. "दर फेरी आधीच्यापेक्षा कमी," ती म्हणाली, आणि तिनं ते उलटं करून पाटीवर ठेवलं.

चौथ्या जादा फेरीला मागच्या रस्त्यावर इंजिन फुरफुरलं. पेट्रोल संपलं होतं. पांढरी गाडी घरंगळत गेली आणि रस्त्याच्या बरोबर मध्यावर थांबली.

ग्रेवंच्या जीपमधून वीलांट गेला. का गेला, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. काँक्रीट उन्हात थरथरत होतं. गवतात कुणी नव्हतं.

हेनिंग दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक धरून बसला होता. बोटं पांढरी पडली होती. दार उघडलं तरी त्यानं मान वळवली नाही.

"आजोबा."

"बोल बाळा."

"तुम्ही जाऊ दिलंत त्याला?"

ग्रेवं दुसरीकडे बघायला लागला.

"दिलं," वीलांट म्हणाला.

"मी पहिला होतो ना," हेनिंग म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पहिल्याला कुणी निळा दाखवतं का? मला वाटलं, मी नाही सोडायचं." मग त्यानं विचारलं, "अजून मागेच आहे का हो?"

वीलांटनं मागे पाहिलं. जीप होती. तिच्या मागे मोकळा रस्ता.

"नाही," तो म्हणाला. "गेला."

त्यानं एकेक करून हेनिंगची बोटं चाकावरून सोडवली.

संध्याकाळी गाड्या लादताना वीलांटनं लाल गाडीच्या चालकाला सहज म्हणून विचारलं. "तेल होतं तिथे," तो म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं, समोर ससा आला. तिसऱ्याला आपण बाजूला झाल्याचं आठवतच नव्हतं. कुणी खोटं बोलत होतं असं वाटलं नाही. सगळे दमले होते आणि सगळ्यांना घरी जायचं होतं.

उरलेल्या दोन शर्यतींना हेनिंग आला नाही. अजिंक्यपद दुसऱ्याच कुणाच्या पदरात पडलं. वीलांटनंही गाडी विकली, हेल्मेट गॅरेजच्या फडताळात टाकलं. रोस्विता मात्र अधूनमधून विचारायची, त्या पोराचं काय झालं रे? ऑक्टोबरमधल्या एका रविवारी तीच म्हणाली, जाऊन येऊ या.

हेनिंग बरा दिसत होता. जरा वाळला होता. वडिलांच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामात मदत करत होता. शर्यतीचा विषय कुणी काढला नाही. जेवण झाल्यावर गावातल्या बेकरीतून केक आणायला तिघं चालत गेली. येताना केकचा खोका घेऊन रोस्विता दहा-बारा पावलं पुढे निघाली. मागे वीलांट, आणि त्याच्या मागे हेनिंग. पदपथ अरुंद होता. एका बाजूला झुडपांचं कुंपण, दुसऱ्या बाजूला दगडी रस्ता. दुपार शांत होती, गावात चिटपाखरू नव्हतं.

मागची पावलं थांबली म्हणून वीलांटनं वळून पाहिलं. हेनिंग कुंपणाला पाठ लावून उभा होता. नजर खाली, हात शरीराशी. गर्दीत एखादा सभ्य माणूस दुसऱ्याला वाट देतो तसा. दोन क्षण तो तसाच राहिला आणि पुन्हा चालू लागला. वीलांटशी नजरानजर झाली तेव्हा कसनुसं हसला.

"आता मी लगेच देतो," तो हळूच म्हणाला. "दिलं की त्रास नाही होत."

वीलांट पुन्हा पुढे वळला. त्याचा खांदा कुंपणाच्या फांद्यांना टेकला होता. तो तिकडे कधी सरकला, त्याला कळलं नव्हतं.

पुढे रोस्विता मान न वळवता बोलत चालली होती. आलुबुखाराच्या केकवर आता पूर्वीसारखी साखर घालत नाहीत, असं काहीतरी. त्या झेंडेवाल्याबद्दल तिला एका शब्दानंही कुणी सांगितलं नव्हतं.

मागून चालत येणाऱ्या माणसाला तिच्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्या वेळानं ती बोलता बोलता पदपथावरून खाली उतरली. खोका छातीशी धरून चार पावलं रस्त्याच्या कडेनं चालली आणि पुन्हा वर आली. वाक्य तिनं मध्ये कुठे तोडलं नाही.