हॅलोविनचं गाऱ्हाणं

कुडाळच्या थिएटराच्या दारात एक मोठा भोपळा ठेवला होता. त्याला डोळे कोरलेले, दात कोरलेले, आत बल्ब पेटलेला. हॅलोविन की काय ते, एकतीस ऑक्टोबरचं. यशोदाआते त्याच्यासमोर थांबली ती हलेचना.

"मेल्यांनी भोपळ्याची वाट लावल्यानी. ह्याचे घारगे किती झाले असते."

अक्षयाने तिला ओढतच आत नेलं. दुपारचा खेळ होता. सिनेमा भुताचा, पण हसायचा. अक्षयाला भुतांची भारी भीती, तरी ती आली. घरी बसून आईचं ऐकण्यापेक्षा भूत परवडलं. पुढच्या रविवारी तिला बघायला मुंबईची माणसं येणार होती. मुलगा नोकरीला, दिसायला बरा. नाही म्हणायला काही कारण नव्हतं, आणि हो म्हणायचं मनात नव्हतं.

मध्यंतरापर्यंत ठीक चाललं. मग नायिका एकटीच जिना चढू लागली, संगीत थांबलं, थिएटर चिडीचूप झालं... आणि अक्षयाच्या तोंडून गाऱ्हाणं सुटलं. आजोबा घरी देवासमोर घालायचे तसंच, मोठ्याने.

"बा देवा म्हाराजा, ह्या भूत वाट चुकान इला आसात, तर तेका तेच्या जाग्यार पोचव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," डाव्या बाजूने कुणीतरी म्हणालं.

सवयच ती. गाऱ्हाणं कानावर पडलं की 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, विचार करत बसायचं नाही. लगेच अख्खी बाल्कनी "व्हय म्हाराजा" म्हणाली, आणि असा हशा उसळला की भूत आलं कधी नि गेलं कधी, कुणाला पत्ताच लागला नाही.

अक्षयाने लाजून डावीकडे बघितलं. उन्हाने रापलेला, रुंद खांद्यांचा एक तरुण पॉपकॉर्नचा डबा डोळ्यांसमोर धरून बसला होता.

"गेला काय ता?" त्याने विचारलं.

"नाय. आता नाचता."

"मग गेला की सांगा."

"डोळे मिटूनच बसूचा होता, तर इलात कित्याक?"

"भायर भोपळो बघलंय... गमतीचो वाटलो." डबा जरासा खाली आला. "मी तारकर्लीक पर्यटकांका घेवन समुद्राच्या तळाक जातंय. थंय बरा. भूतां नाय आसत."

अक्षयाला हसू आवरेना. उरलेला सिनेमाभर ती त्याला "आता उघडा", "आता मिटा" सांगत राहिली, आणि स्वतः घाबरायचं विसरून गेली. बाहेर पडेपर्यंत आतेने त्याचं नाव गुरुप्रसाद, गाव, घर, सगळं काढून घेतलं; वर अक्षया कसालला मेडिकलात असते हेही सांगून टाकलं.

मंगळवारी तो काउंटरसमोर हजर.

"कानात घालूचे थेंब व्हये. पाण्यात जावन कान दुखता."

तिने दिले. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारीही.

"मालवणात मेडिकलां नाय?"

"आसत. पण थंयच्या काउंटरार बसणारी चेडवां भुताक गाऱ्हाणा घालणत नाय."

ती पाठ करून कपाटात उगीच काहीतरी शोधत राहिली. शुक्रवारी अकरा वाजल्यापासून तिचा कान त्याच्या मोटरसायकलकडे होता. तो आवडायला लागलाय, हे तिने स्वतःशी कबूलच करून टाकलं.

शनिवारी तो आला तेव्हा तिने सरळ सांगितलं. "उद्या माका बघूक मुंबयची माणसां येतत."

त्याचा चेहरा उतरला. "मग... तू काय सांगतलंस?"

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"नाय म्हणूक कारण व्हया ना." आता हा काही बोलला नाही तर उद्या आपण मान खाली घालून चहा नेऊन देणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

गुरुप्रसादने थिएटरात मिटायचा तसे डोळे घट्ट मिटले आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो पोरगो चार दिवस कान दुखता म्हणान खोटा सांगता आसा. तेची चूक पोटात घे. तेका ह्या चेडू आवडता, तर उद्याच्या पाहुण्यांका चहा पाजून सुखरूप मुंबयक पोचव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," बाकावर औषधासाठी बसलेली दोन म्हातारी माणसं म्हणाली. सवयच ती. मग काय बोललो हे लक्षात येऊन दोघंही अक्षयाकडे बघायला लागली.

अक्षयाने काउंटरवरची थेंबांची बाटली उचलून परत कपाटात ठेवली.

"हय गाऱ्हाणा घालून काय उपयोग? उद्या सकाळी घराक ये. बाबांच्या समोर घाल."

त्याने एक डोळा उघडला. "आणि ते गप्प रवले तर?"

"रवले तर रवले," अक्षया म्हणाली. "व्हय म्हाराजा म्हणूक मी आसंय."