नावानं सोडवलेला जीव

कापसाच्या गाठीवर ओलं पोतं टाकलं, की काटा अडीच शेर जास्त दाखवतो.

रोहिलागडच्या पलीकडच्या डोंगरात मे महिन्यात वारा सकाळी दहाला पडतो, तो चारपर्यंत उठत नाही.

तरसाचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा उंच असतात. सपाटीवरही ते चढण चढत असल्यासारखं दिसतं.

माझी मुलगी राजकुमारी सात वर्षांची आहे. तिला अंधारात सुई ओवता येते.

१९५३ च्या उन्हाळ्यात आम्ही तिघं दोन दिवस त्या डोंगरावर तंबू ठोकून राहिलो: मी, माझी बायको सुगनबाई आणि राजकुमारी, आमची राजी. मी मूलचंद, जालन्याच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. काटा दाखवेल तेवढंच मानतो. माघात राजीला मुदतीचा ताप आला होता. ती त्यातून उठली, पण दिवसभर झोपून राहायची. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा.

डोंगराच्या पोटात सुगनच्या मामांचं, झुंबरलालजींचं, दगडी कुंपणाचं वाडगं होतं. त्यात फाशातून सोडवलेली रानातली जनावरं. आम्ही जैन. घरातलं कुणी अत्यवस्थ झालं, की त्याच्या नावानं एक जीव शिकाऱ्याकडून सोडवतात आणि रानात मोकळा करतात. मामाजींना लंगडी जनावरं मोकळी करवेनात. त्यांनी ती ठेवून घेतली. राखणीच्या कडूबाला हाक मारायला काहीतरी हवं होतं, म्हणून ज्याच्या नावानं जीव सोडवला, त्याचंच नाव त्या जनावराला पडलं.

"लाडबाई, सरक मागं," कडूबा एका तीन पायांच्या हरणीला म्हणाला. "शेठ, ह्या तुमच्या मामी."

"मामी अशाच अडून बसतात," सुगन म्हणाली.

राजी हसली नाही. ती कुंपणाजवळ गेली तशी हरणं पलीकडच्या कोपऱ्यात दाटली. नीलगाय दगडाला धडकली.

"आणि आमची राजकुमारी?" मी विचारलं.

शेवटच्या पिंजऱ्यात तरस होतं. मादी, वर्षाचीही नसेल. मागचा एक पाय फाशात मोडून वाकडा बसलेला. राजी बेशुद्ध होती त्या दिवसांत मामाजींनी तिच्या नावानं या मादीला सोडवलं होतं. ती सावलीत बसून सुगनकडं बघत होती. फक्त सुगनकडं.

"हिला खायला काय देता?"

"भाकर आन् दूध. मामाजींचा हुकूम. पन दिवस बुडल्यावर तोंड लावीत न्हाई शेठ. पानीबी न्हाई. तुमच्यापेक्षा कडक."

मी हसलो. सुगनचा चेहरा उतरला होता.

"नाव नव्हतं द्यायचं," ती म्हणाली. "नावानं सोडवायचं असतं. नाव देऊन टाकायचं नसतं."

ऊन उतरलं तसं आम्ही जेवून घेतलं. दिवस मावळल्यावर आमच्यातही कुणी खात नाही. राजीनं ताटाला हात लावला नाही.

"मला नंतर भूक लागेल."

"नंतर कधी?"

 ती पिंजऱ्याकडं पाठ करून बसली होती. आल्यापासून तिनं तिकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

कडूबा कुंपणाशी उभा होता. सगळी हरणं आता शेवटच्या पिंजऱ्याला चिकटून उभी होती. एका हरणीचं अंग गजांना लागत होतं.

"बुजून राह्यली जनावरं," तो म्हणाला. "हरनं तरसाला बुजत्यात. पन मंग ही त्याच्याच आडोशाला का गेली?"

मी म्हणालो, सवय झाली असेल.

सकाळी सुगन फणी घेऊन तंबूसमोरच्या दगडावर बसली. राजी आत झोपली होती.

"राजी, ये गं. वेणी घालते."

शेवटच्या पिंजऱ्यात काहीतरी सरकलं.

तरस उठलं. वाकडा पाय ओढत गजांपाशी आलं. सुगनकडं पाठ करून बसलं. मान खाली घातली. डावा कान मिटून घेतला.

राजी अशीच बसायची. डाव्या कानातल्या बाळीत फणी अडकायची, म्हणून तो कान तळव्याखाली झाकायची. ताप येण्याआधी. तापानंतर ती कधी कान झाकत नव्हती.

सुगन उठली. गजांतून हात घातला. आयाळीवरून फणी फिरवली. वरून खाली, गुंता न ओढता.

"सुगन, हात काढ."

तिनं काढला नाही.

"माँ, घरी चल ना."

तंबूच्या दारात राजी उभी होती. आवाज तिचाच होता. अगदी बरोबर तिचाच.

सुगननं मागं वळून पाहिलं नाही.

कडूबा माझ्याजवळ आला. "शेठ, बैलं जुपतो. जल्दी निघा." त्याची नजर राजीवर नव्हती, जमिनीवर होती.

मी गजांआडच्या आणि तंबूच्या दारातल्या, दोघींकडं पाहिलं. एकीला मला उचलायचं होतं.

मी राजीला उचललं. तिचं वजन माझ्या हाताला माहीत आहे. बरोबर होतं.

मी गाडीत बसलो. सुगन आली नाही.

ती अजून तिथंच आहे. दिवस बुडायच्या आत दुधात भाकर कुस्करते, असं कडूबा सांगतो. राजी जालन्यात माझ्याजवळ आहे. तिनं आईबद्दल एकदाही विचारलं नाही.

माघात ताप उतरला त्या सकाळी राजीनं डोळे उघडले आणि एकवीस दिवस उशाशी बसलेल्या सुगनला विचारलं होतं, तुम्ही कोण.